सासऱ्यांचं लायसन्स

रविवारची सकाळ होती. मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते, नवरा मागच्या गार्डनमध्ये गवत कापायचं मशीन काढत होता. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"आई, आम्ही ठीक आहोत," ती म्हणाली.

फोनवर पहिलंच वाक्य असं आलं की काहीतरी ठीक नाहीये, हे आईला वेगळं सांगावं लागत नाही. मी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"आजोबांची गाडी दुसऱ्या गाडीला लागला. आरसा तुटली. कोणाला काही झालं नाही. पण पोलीस आलेत, आणि ते आजोबांना मशीनमध्ये फुंकायला सांगतायत."

तिचं मराठी असंच आहे. इथे जन्मलेली, तेव्हा सोळा वर्षांची. तिच्या वाक्यांत गाडी पुरुष होते आणि आरसा बाई. एरवी मी हसून दुरुस्त करते. त्या दिवशी माझ्या ते लक्षातही आलं नाही.

सासरे लंडनमधल्या एजवेअरला राहतात. जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर म्हणून त्यांनी तिथेच उभं आयुष्य काढलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी बाजारात अजून चार माणसं "डॉक्टरसाहेब" म्हणून त्यांना थांबवतात. सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही मिल्टन कीन्सला, म्हणजे एम-वन हायवेने सरळ खाली उतरलं की तासाभरात त्यांच्या दारात. मुलगी महिन्यातून एकदा शनिवार-रविवार आजोबांकडे राहायची. कोणी सांगितलं म्हणून नाही, तिला आवडायचं. ते तिला पत्त्यांचे डाव शिकवायचे, ती त्यांच्या फोनमधले गोंधळ निस्तरायची. त्या सकाळी ते तिला स्टेशनवर सोडायला निघाले होते.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांची गाडी फुटपाथला तिरकी लावलेली होती आणि ते स्वतः तिथे नव्हते. पोलीस त्यांना घेऊन गेले होते. मुलगी कुणाच्यातरी घरापुढच्या बुटक्या भिंतीवर बसली होती. त्या घरातल्या बाईंनी तिला चहा करून दिला होता, तो तिने तसाच धरून ठेवला होता. नवऱ्याने आधी तिला जवळ घेतलं. मग विचारलं, "वास येत होता?"

ती बुटांकडे बघत म्हणाली, "माउथवॉशचा. तो नेहमीच येतो."

'नेहमीच' हा शब्द नवऱ्याने ऐकला, मीही ऐकला. त्याचा चेहरा उतरला नाही, चिडलाही नाही. नुसता बंद झाला. कुणी दुकानाचं शटर ओढावं तसा.

"तू थांब बाबांसाठी," तो मला म्हणाला. "मी थांबलो तर काहीतरी बोलून जाईन." आणि तो मुलीला घेऊन घरी गेला.

म्हणून मी थांबले. पुढचं सव्वा वर्ष मी थांबतच होते, असं आता मागे वळून बघताना वाटतं.

पोलीस स्टेशनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी दुपारपर्यंत बसले. सासरे बाहेर आले तेव्हा त्यांचा पट्टा, घड्याळ आणि पाकीट एका पारदर्शक पिशवीत होतं आणि पँट एका हाताने वर धरलेली होती. मी त्यांना कधी पायजम्यातही बैठकीच्या खोलीत बसलेलं बघितलेलं नाही. मी दुसरीकडे बघितलं. त्यांनी पट्टा घातला, मग कॅबमध्ये बसलो.

कॅब निघाली. मग ते म्हणाले, "मी फुंकलं नाही."

"म्हणजे?"

"रस्त्यावर फुंकलं. ते जास्त आलं म्हणून इकडे आणलं. इथे मोठ्या मशीनमध्ये परत द्यायचं असतं. मी म्हटलं, नाही देणार."

"का पण, बाबा?"

"रस्त्यावर तो पोलीस पोरगा मला म्हणत होता, कीप गोइंग, कीप गोइंग, गुड मॅन. लहान मुलाला बोलतात तसं." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आणि काल रात्रीची होती गं. सकाळी मी एक थेंब घेतलेला नाही."

हे त्यांना खरंच वाटत होतं. सकाळी चहा घेतला, आंघोळ केली, देवाला फूल वाहिलं, म्हणजे कालची रात्र संपली. ज्यांनी हजारो लोकांना गोळ्यांचे डोस आणि त्यांचा अंमल किती वेळ राहतो ते समजावलं, त्या माणसाला आपल्या रक्तात कालची रात्र अजून चालू आहे हे पटत नव्हतं.

न फुंकण्याचा अर्थ आम्हाला वकिलाने समजावला. नमुना द्यायला नकार देणं हाच इथे वेगळा गुन्हा आहे, आणि नकार देणाऱ्याला कायदा सगळ्यात जास्त प्यायलेल्यांच्या रांगेत उभा करतो. बंदी संपली की लायसन्स आपसूक परत मिळत नाही. वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते, रक्त द्यावं लागतं, आणि लायसन्स खात्याच्या डॉक्टरांचं समाधान व्हावं लागतं. कोर्टात त्यांनी गुन्हा कबूल केला. दंड झाला आणि वीस महिने गाडी चालवायला बंदी. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी एक कोर्स असतो, तो पुरा केला तर बंदी पाव हिश्शाने कमी होणार होती. मॅजिस्ट्रेट बाई सौम्य होत्या. गाडीत सोळा वर्षांची मुलगी होती हे त्यांनी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा सासऱ्यांनी मान खाली घातली. तिथे मी होते. नवरा नव्हता. त्याला मीटिंग होती.

त्याला त्यानंतर दर शनिवारी काहीतरी असायचं.

मी शनिवारी सकाळी निघायची. आठवडाभर एका गोदामांच्या कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम, घरातलं सगळं, आणि शनिवारी एम-वन. एजवेअरला पोचलं की आधी त्यांची भाजी, मग केमिस्टकडे त्यांच्या गोळ्या, मग कुणाकडे बारसं नाहीतर पंच्याहत्तरी असेल तर तिथे त्यांना नेणं, बाहेर येईपर्यंत थांबणं, परत आणणं. त्यांच्याकडे फुकट बसचा पास होता. ते बसमध्ये चढत नसत.

"बसमध्ये निम्मे माझे पेशंट असतात," ते म्हणायचे. "विचारतात, डॉक्टर, गाडी कुठे?"

आणि शेजारच्या सीटवर बसून माझ्या ड्रायव्हिंगवर त्यांचं लक्ष असायचं. "मधल्या लेनमध्ये का बसून राहतेस? डावीकडे घे." किंवा, आमच्या गावात जागोजागी राउंडअबाउट आहेत म्हणून, "तुम्हा मिल्टन कीन्सवाल्यांना राउंडअबाउट सोडून दुसरं काही येत नाही." मी डावीकडे घ्यायची. वाद घालायलाही ताकद लागते, आणि शनिवारी ती माझ्यात शिल्लक नसायची. एकदा सिग्नलला मी डोळे मिटले ते मागच्याने हॉर्न दिल्यावर उघडले. तेव्हा मात्र ते काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी माझ्यासाठी थर्मासमध्ये कॉफी भरून ठेवली होती. गोड फार होती. मी प्यायले.

ते अजून घेतात का, हे मी विचारलं नाही. "बंद केलीय," असं त्यांनी एकदा आपणहून सांगितलं, मी "बरं" म्हटलं. कपाटं उघडून बघितली नाहीत. थकलेल्या माणसाला संशय घ्यायचाही कंटाळा येतो.

घरी आलं की नवरा विचारायचा, "कसे आहेत?" मी म्हणायची, "ठीक." तेवढंच. एका रात्री जेवताना माझा संयम सुटला. "वडील तुझे आहेत," मी म्हटलं. "कॅब करून देऊ आपण त्यांना, नाहीतर तू जा."

तो ताटाकडे बघत म्हणाला, "तुला माहीत नाही. आम्ही लहान असताना दर पार्टीहून तेच चालवत आणायचे. सगळेच अंकल तसे आणायचे. मागे मी झोपायचो. पण आई झोपायची नाही. ती पुढे बसून रस्ता बघायची. 'अहो, लाल आहे. अहो, वळण आलं.' घरापर्यंत. तिला गाडी येत नव्हती, नाहीतर तिने चालवली असती. मला वाटायचं सगळ्यांच्या आया असंच करतात."

सासूबाईंनी मला हे कधी सांगितलं नव्हतं. मी शनिवारी परत एम-वनला लागले.

कोर्स तीन शनिवारांचा होता, एका बिझनेस पार्कमधल्या हॉटेलच्या खोलीत. मी त्यांना सोडायची आणि त्याच हॉटेलच्या लॉबीत लॅपटॉप उघडून बसायची. पहिल्या दिवशी ते तोंड पाडून बाहेर आले. "पंचवीस-तीस वर्षांची पोरं आहेत सगळी. एक छपरं दुरुस्त करणारा आहे, एक नर्स आहे. मी तिथे काय करतोय?"

दुसऱ्या शनिवारी मात्र गाडीत बसल्या बसल्या बोलायला लागले.

"आज त्यांनी सगळ्यांना ग्लास दिले आणि पाण्याचा जग. म्हणाले, घरी ओतता तसं ओता. मी ओतलं. मग ते मापात ओतून मोजलं." त्यांनी सीटबेल्ट ओढला. "पबमधले तीन पेग निघाले माझ्या एका पेगात."

"आणि बाकीच्यांचे?"

"माझाच पहिला नंबर. सगळे हसले. मीसुद्धा हसलो." मग थोड्या वेळाने, "मी पेशंटना विचारायचो ना, दिवसाला किती घेता. ते म्हणायचे, दोन. मी लिहून घ्यायचो, दोन. सगळ्यांचा पेग असाच असणार बघ."

तिसऱ्या शनिवारी कोर्सच्या बाईंनी एक यंत्र दाखवायला आणलं होतं. ते गाडीला बसवतात. त्यात फुंकल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, आणि श्वासात दारू सापडली तर इंजिन मिटल्या तोंडाने बसून राहतं. कितीतरी देशांत लायसन्स परत हवं असेल तर ते बसवावंच लागतं, इथे सरकार अजून विचार करतंय, असं त्या म्हणाल्या. सासऱ्यांनी ही गोष्ट मला गंमत म्हणून सांगितली. "उद्या म्हणतील सुनेची सही आणा."

मीही ती गंमत म्हणूनच घरी सांगितली. नवऱ्याने हातातला रिमोट खाली ठेवला. "काय म्हणालीस? परत सांग."

कोर्स पुरा झाल्यामुळे पाच महिने कमी झाले. बंदी संपत आली तेव्हा ते तपासणीला गेले, रक्त दिलं. गेल्या काही आठवड्यांत माणूस सतत पीत असेल तर ते त्या रक्तात दिसतं म्हणे. पुढे कितीतरी दिवस काहीच कळलं नाही. दर शनिवारी ते दार उघडायच्या आधी पायपुसण्यावरचं टपाल उचलायचे, मग मला आत घ्यायचे. शेवटी लायसन्स आलं. त्यांनी फोन करून सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज दहा वर्षांनी तरुण होता. मी ऑफिसच्या किचनमध्ये उभी होते. मला खरं सांगायचं तर आनंद नाही झाला, नुसतं बसावंसं वाटलं.

त्या शनिवारी मुलगी माझ्याबरोबर आली. त्या रविवारनंतर ती आजोबांकडे माझ्याबरोबरच यायची आणि माझ्याबरोबरच परत जायची. त्या दिवशी तिला लंडनमध्ये मैत्रिणीकडे जायचं होतं. सासऱ्यांनी गाडीची नवी बॅटरी बसवून घेतली होती. किल्ली हातात घेऊनच ते म्हणाले, "चल, स्टेशनवर सोडतो."

ती कोटाची चेन लावत होती. ती लावून झाली तरी वर न बघता म्हणाली, "नको आजोबा. मी चालत जाते. इट्स फाइन."

"पाऊस आहे."

"माझ्याकडे छत्री आहे." तिने त्यांच्या गालाला गाल लावला आणि गेली. पोरीच्या मनात राग नव्हता. तिला नुसतं बसायचं नव्हतं. सासरे बराच वेळ किल्ली हातात धरून दारात उभे होते. मी चहा ठेवला.

पुढच्या शनिवारी नवरा माझ्याबरोबर आला. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच. सासऱ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वतः उठून त्याच्यासाठी कॉफी केली. कॉफी होईपर्यंत नवरा थांबला. मग त्याने जेवणाच्या टेबलावर फोन ठेवला. त्यात ते यंत्र बसवून देणाऱ्या गॅरेजचा फोटो होता.

"बाबा, हे बसवलं तर गाडी चालवा," तो म्हणाला.

सासऱ्यांनी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढला. "हे कायद्याने लागत नाही."

"मला लागतं."

"तपासणी झालीय माझी. रक्त क्लिअर आहे. सरकारने लायसन्स दिलंय. मी काय गुन्हेगार आहे?"

"हो, बाबा." त्याने आवाज अजिबात चढवला नाही. "कोर्टाने तेच म्हटलंय. आणि कोर्टाला तर आईचं माहीतसुद्धा नव्हतं."

"आईचं काय?"

नवऱ्याने सांगितलं. मला सांगितलं होतं तेच, पण अधिक तपशिलाने. त्याचं मराठी भावना दाटली की तुटतं. मधेच इंग्रजी आलं, मधेच शब्द सापडेना. "शी वॉज फ्राइटन्ड, बाबा. तीस वर्षं. ती घाबरून... ती तुमच्या बाजूला बसून घाबरायची. आणि मग माझी मुलगी त्याच सीटवर बसली."

सासरे उठले. "मग गाडी विकून टाक," असं म्हणून वर गेले. त्यांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला. नवरा टेबलाशी बसून राहिला. मी कप विसळले, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. वर जाऊन समजूत घालायला मीच जायला हवं होतं, एरवी गेलेही असते. त्या दिवशी जिना चढायची इच्छा झाली नाही. आम्ही खालूनच "येतो बाबा" म्हटलं आणि निघालो.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन मलाच आला. "त्या माणसाला बोलाव," ते म्हणाले.

"कोणत्या?"

"यंत्रवाल्या." मग जरा वेळाने म्हणाले, "ती पावसात चालत गेली गं."

यंत्र म्हणजे डॅशबोर्डखाली एक पेटी आणि वायरीला लावलेलं, हातात मावणारं एक तोंड. आधी त्यात एका दमात, ठरावीक वेळ फुंकायचं. हिरवं झालं की किल्ली फिरवायची. गाडी चालू असताना ते मधेच परत मागतं, मग बाजूला थांबून फुंकायचं. माउथवॉश वापरलं असेल तर ते फसतं, म्हणून आधी पाण्याने चूळ भरायची. गॅरेजचा माणूस हे सगळं समजावत असताना सासरे, पेशंट डॉक्टरांचं ऐकतात तसे, मान हलवत होते. माउथवॉशच्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पहिल्या दिवशी तीनदा चुकलं. दम पुरेना. शेजारचे गृहस्थ कुत्र्याला घेऊन जाताना थांबले आणि "ऑल राइट, डॉक्टर?" म्हणाले. सासरे तोंडातून नळी काढून म्हणाले, "न्यू कार सिस्टिम." चौथ्यांदा हिरवं झालं. आम्ही सुपरमार्केटपर्यंत जाऊन आलो. त्यांनी इतक्या हळू चालवली की मागे रांग लागली.

त्यानंतर माझे शनिवार मोकळे झाले. पहिल्या मोकळ्या शनिवारी मी दुपारपर्यंत झोपले, उठून जेवले आणि परत झोपले. सासरे आपली भाजी आणत होते, आपली कामं करत होते. मुलगी एकदा त्यांच्या गाडीत बसली. मागच्या सीटवर, पण बसली. मला वाटलं, संपलं.

मग एका बुधवारी सकाळी मी ऑफिसच्या कॉलवर असताना त्यांचा फोन आला. मी उचलला नाही. लगेच परत आला.

"गाडी सुरू होत नाहीये," ते म्हणाले. "आज कानाच्या दवाखान्यात जायचं होतं."

"बॅटरी गेली असेल, बाबा. नवी आहे ना, गॅरेजला..."

"बॅटरी नाही."

कॉलवर कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी मॅनेजरला 'घरची अडचण' असा निरोप टाकला आणि निघाले. त्या दिवशी एम-वनवर काम चालू होतं, गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. मला राग यायला हवा होता. रागाच्या जागी नुसता एक जडपणा होता, भिजलेला कोट अंगावर असावा तसा.

ते घरापुढे लावलेल्या गाडीतच बसले होते. कोट, मफलर, मांडीवर टोपी. यंत्राची वायर लोंबत होती. मी शेजारच्या सीटवर जाऊन बसले. दार लावलं. वास येत होता, या वेळी माउथवॉशचा नाही.

"तीनदा फुंकलं," ते म्हणाले. "चूळ भरून."

"काल काय झालं होतं, बाबा?"

त्यांनी खरोखर विचार केला. "काही नाही. काल मंगळवार होता." टोपीची कड ते बोटांनी फिरवत होते. "बातम्या संपल्या आणि मी उठून ग्लास काढला. काही झालं असतं तर बरं होतं. सांगता आलं असतं."

मी विचारलं, "किती दिवस?"

"रक्त दिलं तेव्हा खरंच बंद होती. त्या पोरांच्या कोर्सपासून बंद होती. ही आत्ता महिन्यातली तिसरी रात्र. पण आधीच्या दोन वेळा दुसऱ्या दिवशी कुठे जायचं नव्हतं." मग म्हणाले, "त्याला सांगशील?"

त्या यंत्रात सगळ्याची नोंद राहते आणि गॅरेजवाला ती बघतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण त्यांनी ते विचारलं नव्हतं.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "मी थकलेय, बाबा. तुमचं त्याला आणि त्याचं तुम्हाला सांगून सांगून मी फार थकलेय. तुम्ही सांगा."

इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी अशी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खिशातून फोन काढला. चष्मा घरात राहिला होता, त्यामुळे नंबर मीच लावून दिला. फोन स्पीकरवर होता.

"बाबा?" नवऱ्याचा आवाज घाबरलेला होता. कामाच्या वेळी ते त्याला कधी फोन करत नसत.

"गाडीने मला घेतलं नाही आज," सासरे म्हणाले. "काल घेतली होती मी. म्हणून सांगायला फोन केला."

मला वाटलं आता शटर पडणार. नवऱ्याने एक मोठा श्वास घेतलेला ऐकू आला.

"काही खाल्लंय का तुम्ही सकाळपासून?" त्याने विचारलं.

सासऱ्यांचा चेहरा आक्रसला आणि ते मान फिरवून खिडकीकडे बघायला लागले. "नाही," मी सांगितलं.

"तिला म्हणावं काहीतरी खायला घाल. मी येतो संध्याकाळी."

मी आत जाऊन उपमा केला. ते कोट न काढताच टेबलाशी बसले आणि सगळा संपवला. कानाच्या दवाखान्याला फोन करून मी दुसरी वेळ घेतली. दुपारी ते झोपले, मी त्यांच्या सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसले आणि मीही झोपले. नवरा आला तेव्हा अंधारलं होतं. बापलेकांनी क्रिकेट लावलं. मधेच नवरा म्हणाला, "बाटली कुठे आहे?" सासऱ्यांनी शिवणाच्या मशीनच्या कपाटाकडे बोट दाखवलं. नवऱ्याने ती काढली, उरलेली सिंकमध्ये ओतली आणि परत येऊन बसला. ओतण्याचा आवाज चालू असताना सासरे टीव्हीकडेच बघत होते.

हे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. ते आपल्या जीपीकडे गेले, जी त्यांच्या मुलीच्या वयाची आहे, आणि आठवड्यातून एकदा एका हॉलमध्ये इतर पिणाऱ्यांबरोबर बसतात. बसने जातात, कारण त्या हॉलला पार्किंग नाही. त्यानंतरही गाडीने त्यांना दोनदा नाकारलं. दोन्ही वेळा त्यांनी मुलाला फोन केला आणि दोन्ही वेळा त्याला मीटिंग सोडून बाहेर यावं लागलं. पहिल्यांदा तो चिडला, दुसऱ्यांदा नाही. यंत्र अजून आहे. मध्यंतरी बातम्यांत सरकारच्या विचारांबद्दल काहीतरी आलं तेव्हा मित्रमंडळींत सासऱ्यांनी ठासून सांगितलं म्हणे की सक्तीचं करायलाच हवं. स्वतःच्या गाडीत ते आहे हे सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही.

माझा थकवा एकदम गेला नाही. फोन वाजला आणि त्यांचं नाव दिसलं की मी अजून आधी गाडीची किल्ली शोधते. बहुतेक वेळा ते विचारत असतात की साबुदाणा किती वेळ भिजवायचा.

आता एका आड एक शनिवारी नवरा जातो. दोघे मिळून केस कापायला जातात, बागेच्या दुकानात जातात, एकदा तर ईलिंगला कुणाकडे तरी पूजेला जाऊन आले. मागच्या शनिवारी तो परत आला तेव्हा सासऱ्यांनी पाठवलेल्या मेथीच्या दोन जुड्या त्याच्या हातात होत्या. तो कोट काढून माझ्यासमोर बसला.

"बाबा म्हातारे झालेत गं," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं, आणि वर्तमानपत्र पसरून एक जुडी त्याच्यापुढे सरकवली. आम्ही मेथी निवडायला घेतली.